हेमांगियाचा मूळ नमुना

सरांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "यांना लिहून टाक. नमुना फार नाजूक आहे, पोस्टाने पाठवता येणार नाही."

पत्र जपानमधून आलं होतं. ओकुमुरा नावाचे करवतमाश्यांचे मोठे अभ्यासक होते, त्यांना आमच्या कॉलेजात असलेला 'हेमांगिया'चा मूळ नमुना सहा महिन्यांसाठी उसना हवा होता. पाठवता येत नसेल तर स्वतः येऊन पाहतो, असंही त्यांनी लिहिलं होतं.

"सर, गेल्या वर्षीही आपण हेच कळवलं होतं."

"मग याही वर्षी हेच कळव. नमुनाही तोच आहे आणि पोस्टही तेच."

ही एक्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात कारखानीस सरांकडे पीएच.डी.चं काम करत होते. सर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी रोज अकराला यायचे. हृदयाचं दुखणं होतं, त्यामुळे जिना चढताना दोनदा थांबायचे. वर आले की खिडकीपाशी बसून पाच मिनिटं नुसता श्वास घ्यायचे आणि मग विचारायचे, "काय शैलजा, आज काय मारलंस?"

आम्ही माश्या मारत होतो, हे खरंच होतं. करवतमाशी म्हणजे घरात घोंगावणारी माशी नव्हे. ती गांधीलमाशीच्या नात्यातली, पण तिची कंबर बारीक नसते आणि ती डसत नाही. मादीच्या पोटाच्या टोकाला करवतीसारखं दातेरी पातं असतं. त्याने ती पानाची कड चिरते आणि त्या चिरेत अंडं घालते. सरांनी तीस वर्षं या माश्या गोळा केल्या, त्यांना ओळखलं, नावं दिली.

किड्याच्या शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. त्यातला पहिला आडनावासारखा, त्याला प्रजाती म्हणतात; दुसरा तिच्यातल्या एकेका जातीचा. नवी जाती सापडणं ही काही फार दुर्मीळ गोष्ट नाही. पण आहे त्या एकाही घराण्यात न बसणारा किडा सापडून त्याच्यासाठी नवी प्रजाती उभी करायला लागणं, असं माणसाच्या आयुष्यात एखाद्या वेळी होतं, किंवा होतही नाही. सरांच्या आयुष्यात ते शहात्तर साली झालं. आंबोलीच्या एका माशीचं अंग नेच्यांवर राहणाऱ्या माश्यांसारखं होतं आणि मिशा मात्र मुळा-मोहरीवरच्या माश्यांसारख्या, टोकाशी जाड होत गेलेल्या, दहा पेरांच्या. दोन दूरच्या गटांना जोडणारा दुवाच तो. सरांनी तिला आपल्या मुलीचं नाव दिलं, हेमांगिया. परदेशातल्या ग्रंथांत त्या नावाची नोंद झाली. सरांचं नाव झालं ते त्या एका माशीवर.

हेमांगी लहान वयात गेली, एवढं मला ठाऊक होतं. कशाने, ते विभागात कुणी बोलत नसे. मी समजून चालले होते की तापाने वगैरे गेली असेल.

ज्या माशीवरून प्रजातीला नाव मिळालं तोच मूळ नमुना, आणि जगात हेमांगियाचा तो एकच होता. सह्याद्रीतल्या करवतमाश्यांची मी यादी करत होते आणि दर नोव्हेंबरला आंबोलीला जात होते. चार वर्षं नेचे झाडले, ओहोळाकाठी जाळी फिरवली, वाडीतल्या बायकांच्या मुळ्याच्या वाफ्यांत उकिडवी बसले. बाकी सगळं मिळालं, पण हेमांगिया काही मिळाली नाही. सर कधी सोबत आले नाहीत. मी परत आले की विचारायचे, "मिळाली?" मी मान हलवली की म्हणायचे, "मिळेल. घाई नको."

मला घाई होती. जूनमध्ये विभागात व्याख्यात्याची एक जागा भरणार होते आणि माझ्या नावावर सांगण्यासारखं काही छापलेलं नव्हतं.

ओकुमुरांना नुसता नकार कळवायचं माझ्या जिवावर आलं. निदान चांगल्या आकृत्या पाठवू, असा विचार केला. विभागात नवा मायक्रोस्कोप आला होता, त्याला बाजूने उजेड टाकणारा दिवा होता. त्या मंगळवारी सर डॉक्टरांकडे जाणार होते. मी कपाट उघडून मूळ नमुन्याची पेटी काढली आणि हेमांगियाची टाचणी भिंगाखाली लावली.

उजेड तिरका पडला तेव्हा मानेपाशी काहीतरी चमकलं. पाण्याचा थेंब वाळल्यावर राहतो तशी एक चकती होती. डिंक होता तो.

डिंकाचं मला नवल वाटलं नाही. वाळलेला किडा मोडतोच आणि सगळेच चिकटवतात. पण माझी नजर डोक्यावरून हलेना. चार वर्षं मी मुळ्यावरच्या माश्यांची डोकी पाहत होते. मी पेटीतून एक नेहमीची मुळ्यावरची माशी काढून शेजारी लावली. मिशीची पेरं मोजली, जबडा पाहिला, दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं. मग नेच्यावरची एक साधी काळी माशी काढली आणि तिचं धड या धडाशी ताडून पाहिलं. पंखातली एकेक शीर जुळली.

डोकं एकीचं होतं आणि धड दुसरीचं. दोन्ही माश्या आंबोलीत मुबलक मिळणाऱ्या. हेमांगिया नावाची माशी जगात कधी नव्हतीच.

खोटं कशाला सांगू, मला पहिल्यांदा आनंद झाला. चार वर्षं मला ती मिळाली नव्हती, त्यात माझी चूक नव्हती. आणि आता माझ्याकडे छापण्यासारखं काहीतरी होतं. दोन दिवस मी खोलीवर बसून निबंधाचा कच्चा खर्डा लिहिला. सरांशी बोलायचं आहे, हे तो लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

सर त्या आठवड्यात विभागात आले नाहीत, म्हणून शुक्रवारी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. सरांच्या सगळ्या निबंधांतल्या आकृत्या त्यांनीच काढलेल्या असत.

"बैस," त्या म्हणाल्या. "ते अंघोळ करताहेत. मी औषधं घेऊन येते तोवर."

बाहेरच्या खोलीत हेमांगीचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार घातलेला. पूर्वी तीनचारदा तो पाहिला होता, पण खाली काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं. त्या दिवशी करायला काही नव्हतं म्हणून वाचलं. जन्म आणि मृत्यू, दोन्ही तारखा होत्या. दुसरी होती ९ नोव्हेंबर १९७४.

टाचणीवरच्या चिठ्ठीवर हीच तारीख होती. 'आंबोली, ९.११.७४, हे. का.'

सर टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. मी फोटोसमोर उभी आहे हे त्यांनी पाहिलं.

"काय झालं?"

"सर, मी हेमांगिया दिव्याखाली पाहिली."

ते खुर्चीत बसले. टॉवेल मांडीवर घेऊन त्याची घडी घालू लागले. नीट घालता येईना तशी मोडली आणि पुन्हा घातली.

"डिंक दिसला का?"

"हो."

"आणि?"

"डोकं मुळ्यावरच्या माशीचं आहे, सर."

 मग एखादी वहीतली नोंद वाचावी तशा आवाजात त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. आम्ही दोघंच गेलो होतो. सकाळी तिने वाडीतल्या मुळ्यावरच्या माश्या धरल्या, मग आम्ही कड्याच्या बाजूला गेलो. कड्याच्या पोटाशी नेचे होते. मी म्हटलं, ते बघ, तिथे बसलेली दिसतेय." त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. "मीच दाखवली. ती वाकली. तिने माशी धरली. नळीत टाकून बूच लावलेलं मी पाहिलं. मग तिच्या पायाखालची माती गेली."

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"चार तास लागले तिला वर आणायला. दवाखान्यात त्यांनी मला तिच्या वस्तू रुमालात बांधून दिल्या. घड्याळ, पेन आणि नळी. नळी फुटली होती. तीन महिने मी तो रुमाल सोडला नाही. सोडला तेव्हा आत सगळा चुरा होता. एक धड तेवढं चांगलं राहिलं होतं आणि एक डोकं."

"तुम्हाला तेव्हा कळलं नाही, सर?"

"काळं धड, काळं डोकं. मला वाटलं एकीचंच आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तिने शेवटी धरलेली माशी कुठली तरी वेगळीच असणार, असं मी धरून चाललो होतो. इतकं करून साधी माशी असेल, हे माझ्या मनात येईना."

बाहेर फाटक वाजलं. काकू परत येत होत्या. सर घाईने म्हणाले, "तू लिहिणार आहेस?"

"लिहावं लागेल, सर."

"लागेलच. मी तुला लिहू नकोस म्हणणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर वर्ष म्हणतात. फार तर दीड. मी गेल्यावर लिही. चालेल?"

"ओकुमुरा थांबतील का, सर? ते स्वतः इकडे येतो म्हणालेत."

"विचार कर," ते म्हणाले. तेवढ्यात काकू आत आल्या आणि त्यांनी चहा टाकला. मी चहा घेतला आणि निघाले.

मी विचार केला, हे खरं आहे. दहा-बारा दिवस केला. थांबावं, असंही मला वाटत होतं. एकदा तर खर्डा फाडून टाकायचाही ठरवला. आणि मग ओकुमुरांचं दुसरं पत्र आलं. ते विभागाच्या नावाने आलं होतं आणि टपाल मीच उघडत असे. त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या हाती दुसरं मोठं काम आलं आहे, त्यामुळे करवतमाश्यांचं काम आता दोन वर्षं तरी होणार नाही. नमुन्याची घाई नाही. कारखानीस सरांच्या दुखण्याचं गेल्या वर्षीच्या पत्रातून कळलं होतं, त्यांच्या प्रकृतीला आराम पडो.

मी पत्राची घडी घातली आणि टेबलाच्या खणात, जुन्या जर्नलांच्या खाली ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सर आले. बऱ्याच दिवसांनी आले होते. जिन्यात तीनदा थांबले. खिडकीपाशी बसल्यावर त्यांनी विचारलं, "जपानचं काही आलं?"

"नाही," मी म्हणाले. मग म्हणाले, "पण ते थांबणार नाहीत, सर. त्यांनी येऊन पाच मिनिटांत ओळखलं तर ते जास्त वाईट दिसेल."

"हो," सर म्हणाले. "तेही खरंच आहे."

ते उठले. कपाटापाशी गेले आणि पेटी स्वतः काढली.

"पुरावा तर लागेल तुला. नुसतं डिंक दिसला म्हणून कोण मानेल? पाणी गरम करून दे."

"सर, मी करते."

"नको. ते मी चिकटवलंय."

मी बर्नरवर पाणी ठेवलं. त्यांनी टाचणी कॉर्कच्या तुकड्यात खोचून भिंगाखाली घेतली. रंगाच्या बारीक कुंचल्याचं टोक कोमट पाण्यात बुडवून मानेवर एक थेंब सोडला. थेंब जिथे हवा तिथेच पडला. मी घड्याळाकडे पाहत उभी होते. वऱ्हांड्यातून पोरं गलका करत गेली. दुसरा थेंब. तिसरा. डिंक पांढरा झाला, फुगला. सरांनी कुंचल्याने डोक्याला हलकासा स्पर्श केला आणि ते सुटून खालच्या कागदावर पडलं. मोहरीच्या दाण्याहूनही ते लहान होतं.

सर भिंगातून मानेच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. मग उठून मला जागा दिली.

"बघ. सांधा जुळत नाही. मान रुंद आहे, डोक्याचं भोक अरुंद. हे लिही. आकृती दे."

"सर, निबंधात तुमचंही नाव घालू का? दोघांच्या नावाने गेला तर…"

"माझं नाव मूळ निबंधात आहे," ते म्हणाले. "तेवढं पुरे."

डोकं आणि धड त्यांनी दोन वेगळ्या कार्डांवर चिकटवलं, दोन टाचण्यांना लावलं आणि चिठ्ठ्या लिहिल्या. 'डोकं.' 'धड.' त्या चिठ्ठ्यांवरचं अक्षरही त्यांचंच आहे. मग जेवणाचा डबा न उघडताच ते घरी गेले. त्यानंतर ते विभागात आले नाहीत.

निबंध मे महिन्यात छापून आला. साडेतीन पानांचा होता. हेमांगिया ही वेगळी प्रजाती नाही, मूळ नमुना दोन माश्यांच्या तुकड्यांचा बनलेला आहे, आणि दुरुस्तीच्या वेळी हे अनवधानाने झालं, असं मी त्यात लिहिलं. एक प्रत पोस्टाने सरांना पाठवली. घर वीस मिनिटांच्या चालीवर होतं, तरी पोस्टाने पाठवली. उत्तर आलं नाही. जूनच्या मुलाखतीत समितीतल्या एका गृहस्थांनी तो निबंध हातात धरून विचारलं, "आपल्या गुरूंची चूक दाखवायला धैर्य लागतं. भीती नाही वाटली?" मी म्हणाले, "शास्त्रात सत्य महत्त्वाचं." मला जागा मिळाली.

ऑगस्टमध्ये सर गेले. डॉक्टरांनी सांगितलेलं वर्षही पुरं झालं नाही.

त्यांची एक पिशवी विभागातच राहिली होती. तिच्यात चष्मा, हातभिंग, दोन कुंचले आणि मी घासून ठेवलेला स्टीलचा डबा होता. महिन्याभराने मी ती घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी मला आत घेतलं, पिशवी उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडली आणि विचारलं, "तुझं बरं चाललंय ना?"

"हो, काकू."

"तू छापलेलं मी वाचलं. 'अनवधानाने' असं लिहिलंयस. त्यांनी तसं सांगितलं का तुला?"

"हो. काळं धड, काळं डोकं, म्हणून एकीचंच वाटलं, असं म्हणाले."

काकू आतल्या खोलीत गेल्या आणि चित्रांचा एक जुना फोल्डर घेऊन आल्या. त्यातून त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. पेन्सिलने काढलेली आकृती होती. डाव्या बाजूला बिनडोक्याची माशी, पंख पसरलेली. उजव्या बाजूला वेगळं डोकं, मिशीचं एकेक पेर दाखवलेलं. खाली काकूंच्या अक्षरात तारीख होती, फेब्रुवारी पंचाहत्तर.

"रुमाल सोडला त्या दिवशी काढलीय," त्या म्हणाल्या. "मी आधी दोन्ही वेगवेगळी काढली. त्यांना म्हटलं, अहो, हे डोकं या अंगाला बसत नाही, मान मोठी आहे. मी चित्रं काढणारी बाई, मला दिसलं. त्यांना नसेल दिसलं? वर्षानुवर्षं तेच करत होते."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, बसवू या." काकूंनी आकृतीच्या कडेवरून बोट फिरवलं. "मी पुढे काही बोलले नाही. भिंग धरून शेजारी बसले. त्यांनी चिकटवली, मग मी दुसरी आकृती काढली, अख्ख्या माशीची. छापलीय ती दुसरीच."

 सरांनी जाणूनबुजून केलं होतं आणि मी जगाला ती चूक म्हणून सांगितलं होतं.

"हा कागद ने," काकू म्हणाल्या. "तुला सत्य लागतं. यात आहे सगळं. छापणार?"

"नाही, काकू."

"का?"

"सरांचं नाव जाईल. आता त्यातून कुणाला काय मिळणार आहे?"

काकूंनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"म्हणजे तुला थांबता येतं," त्या म्हणाल्या. "मग वर्षभर का नाही थांबलीस? त्यांनी मागितलं होतं ना? त्यांनी मला सांगितलं होतं. ते म्हणाले, पोरगी तरी काय करेल, तो जपानी थांबत नाहीये."

तेव्हा मी त्यांना दुसऱ्या पत्राचं सांगितलं. ते कधी आलं, त्यात काय लिहिलं होतं, मी ते कुठे ठेवलं, सगळं सांगितलं. मुलाखतीचंही सांगितलं. त्याआधी हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यानंतर आज सांगते आहे.

 माझं बोलून झाल्यावर काकूंनी सरांचा चष्मा उचलला, पदराने काचा पुसल्या आणि चष्म्याच्या डबीत ठेवला. फोल्डर मिटला. तो कागद टेबलावर तसाच राहिला, त्यांनी तो माझ्याकडेही सरकवला नाही आणि परतही घेतला नाही.

"ऊठ आता," त्या म्हणाल्या. "मला शाळेला उशीर होतोय."

मी उठले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर आले. तो रविवार होता.